हेफेस्टसची पूजा करणारी माणसं आजही आहेत

भातेकरी (धागाकर्ता)

झ्यूस, अपोलो, अथेना ही ग्रीक देवमंडळी आपल्याला पुस्तकांतून आणि सिनेमांतून बऱ्यापैकी ओळखीची. हेफेस्टस तितकासा नाही. हा ऑलिंपस या देवांच्या डोंगरावरचा लोहार. धातू, आग, कारागिरी हे त्याचं खातं. पायाने अधू. बाकीचे देव मेजवान्या झोडतात, भांडतात, माणसांच्या युद्धात नाक खुपसतात. हा मात्र कामावर असतो.

होमरच्या इलियड या महाकाव्याच्या १८व्या सर्गात समुद्रदेवता थेटिस आपल्या मुलासाठी, अकिलीससाठी, चिलखत मागायला त्याच्या घरी येते. तेव्हा हा घामाघूम होऊन २० तिवया घडवत असतो. त्यांना सोन्याची चाकं बसवलेली, म्हणजे देवांच्या सभेला त्या आपोआप जातील आणि आपोआप घरी येतील. सगळं झालंय, फक्त कडे लावायचे राहिलेत आणि त्यांचे खिळे ठोकणं चालू आहे. पाहुणी आल्याचं कळल्यावर तो आधी भाते आगीपासून बाजूला करतो, हत्यारं गोळा करून चांदीच्या पेटीत ठेवतो, ओल्या स्पंजाने तोंड, हात, मान आणि केसाळ छाती पुसतो, अंगरखा चढवतो, जाड काठी घेतो आणि लंगडत बाहेर येतो. ज्याने कधी भट्टीजवळ दिवस काढलाय त्याला लगेच कळतं, हे लिहिणाऱ्याने लोहार जवळून बघितलेला आहे. पाहुणा आला तरी हत्यारं आधी जागेवर!

आता मुद्दा. मी पेनसिल्व्हेनियात असतो. पोटापाण्यासाठी संगणक, सुट्टीच्या दिवशी लोहारकाम. इथल्या हौशी लोहारांच्या कंपूत साठी ओलांडलेल्या एक बाई आहेत. फाटकांच्या नक्षीत त्यांचा हात धरणारं आमच्यात कुणी नाही. त्या हेलेनिक पेगन आहेत, म्हणजे प्राचीन ग्रीक देवांना मानणाऱ्या, आणि त्यांचं मुख्य दैवत हेफेस्टस. भट्टी पेटवण्याआधी त्या एका वाडग्यात पाणी घेतात, लॉरेलची वाळकी काडी पेटवून त्या पाण्यात विझवतात आणि त्या पाण्याने हात धुतात. झाली शुद्धी. मग चिमूटभर जव, फ्रँकिन्सेन्सचा धूप, जमिनीवर वाइनची धार. मग होमरच्या नावावरची जी स्तोत्रं आहेत त्यातलं २०वं म्हणतात. आठच ओळींचं आहे. हेफेस्टसने अथेनेच्या जोडीने माणसांना कामं शिकवली, त्याआधी माणसं डोंगरातल्या गुहांत जनावरांसारखी राहायची, आता वर्षभर आपापल्या घरात सुखाने राहतात. प्रसन्न हो, अंगी गुण दे, भरभराट दे. संपलं स्तोत्र.

त्यानंतर जे होतं ते मला जास्त आवडतं. पहिला आकडा, म्हणजे हूक, ठोकायचा तो देवाचा. तो विकायचा नाही, वापरायचा नाही. आणि बिघडलेला तुकडा त्याला द्यायचा नाही. बिघडला तर पुन्हा करायचा. थंडीत हात वळत नाहीत तेव्हा त्या पहिल्या आकड्यापायी सकाळ जाते, पण बाई हलत नाहीत.

इथल्या जाणकारांना विचारायचंय: ही श्रद्धा म्हणायची, की छंदाला चढवलेला साज?

*

रात्रपाळी

जागा पकडून ठेवतो. पॉपकॉर्न आणलेत.

*

तर्कट

लेख छान. पण प्रश्न विचारलाच आहे तर सरळ उत्तर देतो. साज.

चौथ्या शतकाच्या शेवटी सम्राट थिओडोसियसने बळी, धूप, देवळात जाणं, सगळ्यावर बंदी घातली. त्यानंतर ना पुजाऱ्यांची घराणी उरली, ना चालती देवळं, ना आजीने नातीला सांगितलेलं काही. दीड हजार वर्षांनी कुणीतरी पुस्तकं वाचून उभं केलेलं हे प्रकरण आहे. स्नेहसंमेलनातला शिवाजी आणि रायगडावरचा शिवाजी यात जो फरक, तोच इथे. बाईंच्या कारागिरीबद्दल आदर आहेच, तिचा देवाशी संबंध नाही.

*

वाटचुकार

अथेन्सला गेले होते तेव्हा हेफेस्टसचं देऊळ बघितलं, म्हणून भर घालते.

टेकडीवरच्या पार्थेनॉन या अथेनेच्या देवळापाशी गर्दीत जीव नकोसा होतो. खाली जुन्या बाजारपेठेच्या, म्हणजे अगोराच्या, पश्चिमेच्या टेकडीवर हे देऊळ आहे, तिथे जरा श्वास घेता येतो. सुरुवात इ.स.पू. ४४९च्या सुमाराची. पुढे १३ खांब लांबीला, ६ रुंदीला, वर छप्परसुद्धा बरंचसं शाबूत. ग्रीसमधलं इतकं धड राहिलेलं देऊळ क्वचितच. आणि ते धड का राहिलं? सातव्या शतकापासून १८३४पर्यंत ते संत जॉर्जचं चर्च होतं म्हणून. लोकांनी ते देऊळ थिसियस या वीराचं समजून त्याला 'थिसिऑन' नाव दिलं, कारण बाहेरच्या शिल्पांत थिसियसचे पराक्रम आहेत. आजही शेजारच्या मेट्रो स्टेशनचं नाव थिसिओच आहे. बिचाऱ्या लोहाराच्या घरावर पाटी दुसऱ्याची.

देवळाच्या आसपास ब्राँझ ओतण्याचे खड्डे आणि धातुकामाच्या कार्यशाळांचे अवशेष सापडलेत. म्हणजे देव कामगारांच्या वस्तीतच बसवला होता. आत हेफेस्टस आणि अथेना अशा दोन ब्राँझ मूर्ती होत्या, अल्कामेनिस या शिल्पकाराच्या. आता नाहीत. १९३६च्या सुमारास अमेरिकन उत्खननात देवळाभोवती ओळीने खड्डे सापडले, त्यात मातीच्या कुंड्या पुरलेल्या. म्हणजे बाग होती. त्याच रेषांवर आता डाळिंब आणि मर्टल लावलेत.

आत जाता येत नाही, दोरीबाहेरूनच बघायचं. पूजाअर्चाही चालत नाही, कारण हे पुरातत्त्व खात्याचं स्मारक. पण ग्रीसमध्ये हे लोक आहेत आणि गंभीरपणे आहेत. १९९७मध्ये त्यांची एक परिषद स्थापन झाली. २००६मध्ये अथेन्सच्या न्यायालयाने जुन्या देवांच्या उपासकांच्या एका संस्थेला मान्यता दिली. जानेवारी २००७मध्ये ऑलिंपियन झ्यूसच्या देवळापाशी काही मंडळींनी उघड उघड पूजा केली, जगभर बातम्या झाल्या. २०१७मध्ये सरकारने त्या परिषदेला 'ज्ञात धर्म' म्हणून स्वीकारलं, म्हणजे स्वतःचं प्रार्थनास्थळ उभारायचा कायदेशीर हक्क आला. त्यातल्या पुष्कळांना 'निओपेगन' हा शिक्का अजिबात चालत नाही. ते म्हणतात, आमच्यात नवं काही नाही.

*

कोकणकडा

अहो हा तर आपलाच विश्वकर्मा! सगळं इथूनच गेलंय.

*

खणखणीत

कोकणकडा, थांबा. इथून काही गेलेलं नाही, मात्र तिथून इकडे काही आलंय आणि त्याचा धातूतला पुरावा आहे.

कुशाण राजा कनिष्क, इ.स. १२७च्या सुमारास गादीवर आला असं बहुतेक अभ्यासक धरतात. त्याच्या अगदी सुरुवातीच्या नाण्यांवर ग्रीक लिपीत ग्रीक देवांची नावं आहेत: सूर्य हेलिओस, चंद्र, वारा, आणि चक्क हेफेस्टस. थोड्याच काळात कनिष्कने भाषा बदलली, ग्रीकऐवजी बॅक्ट्रियन ही इराणी गटातली भाषा. देवांची नावंही इराणी झाली. हेलिओसचा मिइरो झाला आणि हेफेस्टसचा अथ्शो, म्हणजे अग्नी. चित्र फारसं बदललं नाही. दाढीवाला पुरुष, खांद्यांवरून ज्वाळा, हातात सांडशी. नाणी काढणाऱ्यांच्या लेखी आगीचा देव आणि भट्टीचा देव हा एकच माणूस होता.

राज्य गंगेच्या खोऱ्यापर्यंत पसरलेलं. तर या देवाचं नाव असलेलं नाणं हिंदुस्थानात कधी काळी कुणाच्या तरी कनवटीला होतं, इतपत म्हणता येईल. त्यापुढे विश्वकर्म्याशी गाठ मारायला माझ्याकडे दोरा नाही. हेफेस्टसला फेकलं तसं विश्वकर्म्याला आईने ऑलिंपसवरून खाली फेकल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

*

भातेकरी

वाटचुकार, खणखणीत, तुमच्या प्रतिसादांवर वेगळा धागा व्हायला हवा.

तर्कट, तुमचा खंड पडल्याचा मुद्दा बाईंना सांगितला होता. त्यांना तो मान्यच आहे. या लोकांत एक चांगली सवय आहे: जुन्या ग्रंथांत, शिलालेखांत, भांड्यांवर जे सापडतं ते एका बाजूला, आणि स्वतःला जे जाणवलं ते दुसऱ्या बाजूला ठेवायचं, दोन्हीची सरमिसळ करायची नाही. कुणी म्हणालं की हेफेस्टसला कॉफी आवडते, तर बाकीचे म्हणतात, तुझा अनुभव, तुझ्यापाशी. धूपसुद्धा बाईंनी ऑर्फिक स्तोत्रांच्या संग्रहात बघून ठरवलाय, तिथे बहुतेक देवांपुढे कोणता धूप ते लिहिलेलं असतं.

आणि मूळ कल्पना देण्याघेण्याची आहे. श्रद्धा आहे की नाही हे तुम्हाला कुणी विचारत नाही. तुम्ही काय दिलंत, त्याने काय दिलं, तुम्ही परत काय दिलंत. प्राचीन ग्रीकांनाही 'तुझा देवावर विश्वास आहे का' हा प्रश्न चमत्कारिक वाटला असता, असं माझं मत. नैवेद्य दाखवलास का, हे विचारलं असतं.

*

तिथीनिश्चय

एक गंमत. प्राचीन अथेन्समध्ये हेफेस्टस आणि अथेना यांचा 'खाल्केइया' नावाचा सण होता, धातूकाम करणाऱ्यांचा. प्यानेप्सिऑन महिन्याचा शेवटचा दिवस. त्याच दिवशी अथेनेच्या महावस्त्राचं विणकाम मागावर चढवायचे, ते नऊ महिन्यांनी पानाथेनाइया उत्सवात तिला अर्पण व्हायचं. म्हणजे लोहार आणि विणकर एकाच दिवशी.

अथेन्सचं पंचांग आपल्यासारखंच चांद्र-सौर. वर्ष उन्हाळी अयनानंतरच्या पहिल्या अमावास्येपासून, महिना अमावास्येनंतर चंद्रकोर दिसली की सुरू. प्यानेप्सिऑन चौथा महिना. त्याचा शेवटचा दिवस मोजत गेलो तर तो जवळपास दरवर्षी आश्विन अमावास्येच्या आगेमागे पडतो. २०२३मध्ये नोव्हेंबरच्या मध्यावर, २०२४मध्ये १ नोव्हेंबरच्या आसपास, २०२५मध्ये २१ ऑक्टोबरच्या आसपास. एखाद दिवस इकडेतिकडे, लक्ष्मीपूजन! याचा अर्थ काही नाही, आधीच सांगतो. दोन्ही पंचांगं चांद्र-सौर, इतकंच. पण भातेकरींच्या बाई खाल्केइया करत असतील तर त्या रात्री भातेकरींच्या घरी पणत्या लागलेल्या असणार.

*

भातेकरी

करतात की! त्या दिवशी सगळी हत्यारं घासूनपुसून, तेल लावून मांडतात. मी घरून फराळाचा डबा घेऊन गेलो होतो. चकली देवापुढे ठेवली. ग्रंथाधार नाही, बाईंनी तसं सांगूनही टाकलं.

*

कुबडीवाली

एरवी वाचनमात्र असते, पण या देवावर बोलायचंच आहे.

मला लहानपणी पोलिओ झाला, कॅलिपर आणि कुबडी घेऊन वावरते. ग्रीक पुराणकथा वाचताना याच्यापाशी अडखळले. होमर याच्या ऑलिंपसवरून पडण्याच्या दोन वेगळ्या गोष्टी सांगतो. एकीत आईची बाजू घेतली म्हणून झ्यूस पायाला धरून फेकतो, दिवसभर पडत राहतो, सूर्य मावळताना लेम्नोस बेटावर आपटतो, तिथले लोक सांभाळतात. दुसरीत मूल अधू म्हणून खुद्द आई हेराच टाकते, आणि थेटिस समुद्राखालच्या गुहेत नऊ वर्षं लपवून ठेवते. तिथे तो दागिने घडवायला शिकतो. म्हणूनच पुढे थेटिस चिलखत मागते तेव्हा तो एका शब्दाने तयार होतो.

लोक याला 'जिद्दीचं प्रतीक' वगैरे करून टाकतात त्याचा मला कंटाळा आहे. इलियडच्या पहिल्या सर्गात तो लगबगीने सगळ्यांना अमृत वाढतो आणि देव त्याच्याकडे बघून खदाखदा हसतात. मला ते हसू ओळखीचं आहे. ओडिसीत बायको ॲफ्रोडाइटी आणि युद्धदेव ॲरेस जाळ्यात सापडल्यावर तो सगळ्यांना बोलावून सांगतो, ही मला टाकून त्याच्याकडे जाते कारण तो देखणा आणि धडधाकट, मी लंगडा, आणि दोष आईबापांचा, त्यांनी मला जन्माला घालायला नको होतं. देव असून असं बोलतो. जिद्दबिद्द काही नाही, चिडलेला आहे.

परदेशातल्या अपंग पेगन मंडळींचं लिखाण मी वाचते. त्यांतल्या कित्येकांनी हाच देव निवडलाय, आणि कारण मला पटतं. तो बरा होत नाही. कुठल्याच कथेत त्याचा पाय नीट होत नाही, कुणी चमत्कार करत नाही. तो स्वतःसाठी आधाराला चालत्याबोलत्या सोन्याच्या दासी घडवतो आणि काम पुढे चालू. मी पूजा वगैरे करत नाही. पण कॅलिपरचा पट्टा तुटला की तो शिवणाऱ्या माणसाच्या दुकानात बसून राहायला मला आवडतं, तो चामड्याला भोक पाडताना जीभ दातात धरतो.

त्याच्या लंगडेपणाचं एक कारण असंही सुचवलं गेलंय की जुन्या काळी ब्राँझमध्ये आर्सेनिक असायचं आणि त्याच्या धुराने लोहारांच्या नसा जायच्या. सिद्ध झालेलं नाही. पण धंद्याने अंग जातं हे कळायला आर्सेनिक कशाला हवं.

*

वाटचुकार

कुबडीवाली, लिहीत राहा. वाचनखूण साठवली.

*

ऐरणीचा_नातू

कुबडीवालींच्या शेवटच्या वाक्यावरून लिहितोय.

आजोबा गावचे लोहार. खंडेनवमीला ऐरण, घण, सांडशी, भाता, सगळं धुऊन हळदकुंकू, झेंडूची फुलं, त्या दिवशी काम बंद. गावातले मोठे लोकही येऊन ऐरणीला हात जोडून जायचे. तेच आजोबा सुगीला बलुतं मागायला खळ्यावर गेले की बाजूला उभे राहायचे, आणि पदरात पडेल तेवढं घ्यायचं. वर्षभर फाळ शेवटून दिलेत, कुळवाच्या पाशी धारेला आणल्यात, आणि धान्य मोजताना हात आखडता.

ग्रीकांचंही तेच होतं हे कळल्यावर मला नवल वाटलं नाही. झेनोफॉनच्या पुस्तकात सॉक्रेटिसच्या तोंडी आहे की बसून, घरात, आगीपाशी करायच्या कामांनी शरीर बिघडतं आणि मनही दुबळं होतं, म्हणून असे धंदे बदनाम आहेत आणि ते योग्यच आहे. ॲरिस्टॉटल म्हणतो, उत्तम राज्य कारागिराला नागरिक करणार नाही. प्लुटार्क तर सरळ सांगतो की ऑलिंपियातला झ्यूसचा पुतळा बघून कुठल्याही घरंदाज तरुणाला आपण फिडियास व्हावं असं वाटत नाही. पुतळा हवा, पुतळा करणारा नको. आणि अथेन्सजवळच्या लॉरियनच्या चांदीच्या खाणींत गुलाम. देवळात मात्र लोहार देव!

म्हणून भातेकरींच्या बाईंबद्दल मला एकच कुतूहल. त्या भट्टीची पूजा करतात ते ठीक. हाताखाली पोरं असतील तर त्यांना पैसे किती देतात?

*

तर्कट

ऐरणीचा_नातू, प्रतिसाद आवडला. पूजेच्या बाबतीत माझं मत तेच आहे, पण तुमच्या प्रश्नावर मी भातेकरींच्या उत्तराची वाट बघतोय.

अवांतर: सगळेच ग्रीक तसे नव्हते. अथेन्सचा कवी-राजकारणी सोलोन आपल्या कवितेत माणसं पोट कशी भरतात ते मोजतो, त्यात अथेना आणि हेफेस्टस यांची कामं शिकून हाताने कमावणारा माणूस शेतकरी, कवी, वैद्य यांच्याच रांगेत आहे. अथेन्सच्या अक्रोपोलिसवर, म्हणजे गडावर, कुंभारांनी स्वतःच्या नावाने वाहिलेल्या वस्तू सापडल्यात. म्हणजे तुच्छतेने लिहिणारे लिहीत होते आणि कारागीर आपलं नाव कोरत होते. आपल्यापर्यंत ग्रंथ पहिल्यांचे पोचले.

*

भातेकरी

रास्त प्रश्न. दोन मुली शिकायला येतात, त्यांना तासावर पैसे मिळतात आणि त्यांनी ठोकलेल्या कामावर त्यांचा स्वतःचा ठसा मारायचा असा बाईंचा नियम आहे. दर मी विचारलेला नाही, विचारणं बरंही दिसणार नाही. पण देवाच्या आकड्यावर मात्र कुणाचाच ठसा नसतो, हे तुमचा प्रतिसाद वाचल्यावर लक्षात आलं. पुढच्या खेपेस विचारतो, का नसतो ते.

*

ओलीमाती

मी कुंभारकाम शिकवते, पुण्यात. आमच्या भट्टीसाठी हा देव चालेल का, की तो फक्त लोखंडवाल्यांचा? विद्यार्थी विचारतील म्हणून.

*

खणखणीत

चालेल की. पहिली बाई पँडोरा, ती त्यानेच माती कालवून घडवली असं हेसिअड सांगतो. मातीकामाचा त्याचा अनुभव दांडगा, परिणाम (तिने जगात संकटं सोडली) बाजूला ठेवा.

पण प्रत्यक्षात कुंभारांनी कुणाला धरलं हे बघायचं तर कॉरिंथजवळच्या पेंटेस्कूफियाला सापडलेल्या मातीच्या पाट्या बघा. इ.स.पू. सातव्या-सहाव्या शतकातल्या, तुकडे हजाराच्या वर, बरेचसे आता बर्लिनला. माती खणणारे, चाकावर बसलेले, भट्टीवर चढून जाळ सांभाळणारे कुंभार, सगळं त्यांनी स्वतःच रंगवलंय. आणि त्या पाट्या वाहिल्यात मुख्यतः पोसायडनला!

*

तर्कट

समुद्राच्या देवाला? मातीचा काय संबंध?

*

खणखणीत

कॉरिंथला पोसायडनचं प्रस्थ मोठं. शेजारी इस्थमियाला त्याचं देऊळ आणि त्याच्या नावाने खेळ. माझा अंदाज सांगतो: भट्टी फुटेल की नाही या काळजीत असलेला माणूस धंद्याचा देव शोधत बसत नाही, गावच्या देवाला जातो. ओलीमाती, तुमच्याकडे कसबा गणपती आहेच.